सुहासचा दहावा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शिक्षण सातवी, पण शहरात, गारखेड्यात तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. माप द्यायला येणाऱ्या बायका अंगात आलं, करणी झाली असलं काय काय सांगतात, आणि मी टाचण्या दातात धरून नुसतं हूं हूं करते. या सदरातले तुमचे अनुभवसुद्धा मी दुपारची करमणूक म्हणून वाचते… रागावू नका. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि त्यात माझा हात होता, म्हणून लिहायला बसले.

सुहास माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, मोठा मुलगा. अक्काचं घर पाचोडजवळ वस्तीवर, मोसंबीची बाग. सुहास शिकायला म्हणून माझ्याकडं आला तो राहिलाच. पुढं मोबाईलच्या दुकानात नोकरी लागली. एक दिवस ब्लाउजपीस घेऊन आला, म्हणाला, मावशी हे शिवून दे. माप कुणाचं म्हणून विचारलं तर हात वर करून समोर उभा राहिला. मी टेप घेतला. दुसरं काय करणार, चेहरा असा झाला होता की नाही म्हटलं असतं तर तिथंच मोडून पडला असता.

त्याच्यासारख्या सहा-सात जणांचा ग्रुप होता. कुणी साडी नेसून लावणी करायचं, रुबीना नावाची एक मुलगी कोट घालून कव्वाली म्हणायची आणि पेटीही वाजवायची. ते त्याला कॅबरे म्हणायचे. मला वाटलं जुन्या सिनेमातलं काहीतरी, तर कसलं काय… पन्नास खुर्च्या, चहा, आणि गाणारा माणूस लोकांची टिंगल करत करत गातोय. सुहास स्टेजवर सुहासिनी व्हायचा. त्याला तो म्हटलेलं चालायचं, ती म्हटलेलंही. मी आपली तो म्हणते. आवाज मात्र… काय सांगू. माईकची गरजच नाही. शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा.

असं असणं गुन्हा नाही म्हणून कोर्टाचा निकाल लागला, त्याच्या पुढचा उन्हाळा. ग्रुपला धीर आला होता. सुहासनं पोस्टरवर साडीतला फोटो टाकला आणि खाली आडनावासकट खरं नाव. तेच पोस्टर फोनवरून फिरत फिरत पाचोडला पोचलं. त्या वर्षी पाऊस नाही. शहरात नळ आठवड्यानं, नवीन बिल्डिंगांना टँकरच्या रांगा, आणि तिकडं टँकरनं जगवलेली दाजींची बाग उभी वाळली होती. दाजी म्हणजे अक्काचे मालक. फोनवर मला म्हणाले, बाग वाळली ती तुमच्या त्या नाचीच्या पायगुणानं. आमच्या लेखी मेलं ते. रविवारी पैठणला त्याचा दहावा घालतोय.

जिवंत माणसाचा दहावा. मी भांडायला पाहिजे होतं, पाया पडायला पाहिजे होतं. मी काय केलं, तर पैज लावली. म्हटलं, घाला. पण जित्याच्या पिंडाला कावळा शिवत नसतो दाजी. नाही शिवला तर मुकाट्यानं पोराला घरात घ्यायचं. दाजी लगेच म्हणाले, "कबूल." मला वाटलं, जिंकले मी.

तो रविवार म्हणजे सुहासच्या शोचाच. सकाळी अकराला हॉल स्वस्तात मिळतो म्हणून सकाळचा. गुडघा दुखतोय म्हणून त्याला सांगितलं आणि पैठणची गाडी धरली. पुढची खुर्ची त्यानं माझ्यासाठी ठेवली होती… खरं तर ती खुर्ची तो दर वेळी आईसाठी ठेवायचा आणि बसायचे मी. एकच म्हणायचा, आईनं एकदा माझं गाणं ऐकू दे, मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे.

घाटावर पाणी कुठं? पायऱ्या संपल्यावर भेगाळलेल्या गाळातून चालत जायचं. कणकेचा बाहुला करून सगळं यथासांग झालं. सुहासच्या धाकट्या भावानं, गणेशनं, डोकं भादरलं होतं. पिंड ठेवला आणि आम्ही लांब उभे राहिलो. कावळे होते, चांगले दहा-बारा, पडक्या होडीवर बसलेले. एकही येईना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मला मनातून इतका आनंद होत होता की पदरानं तोंड झाकून घेतलं.

मग मंडळींची बोली सुरू झाली. मेलेल्याची इच्छा अडकली असली की नातेवाईक कबूल करतात ना, तुझ्या मुलांना बघू, तुझं घर पुरं करू… तसं. दाजींचे चुलतभाऊ हात जोडून म्हणाले, "सुहास, तुझं लग्न लावून देऊ रे बाबा. तुझ्या आवडीचा नवरा बघू." माणसं खी खी करून हसली. पिंडासमोर. गणेशही हसला. एकटी अक्का हसली नाही. ती पिंडाकडं बघत उभी होती, बधिर झाल्यासारखी.

गुरुजी म्हणाले, ऊन चढतंय, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. आणि इथं माझी अक्कल गेली. तोच निकाल होता, दर्भ वापरायची वेळ आली म्हणजे दाजी हरले होते. पण मला आणखी पाहिजे होतं. वाटलं, चार माणसांत अक्काच्या तोंडून वदवून घेतलं की तिला पाळावंच लागेल. दहाव्याला दिलेला शब्द बाई मोडत नसते. मी तिच्या कानाला लागले, "त्याला काय पायजे तुला माहितीय. म्हण की, तुझं गाणं ऐकीन म्हणून."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मग दोन पावलं पुढं गेली आणि हात जोडले. "सुहास, येते मी. ऐकते तुझं गाणं."

तिचे हात खाली यायच्या आत कावळा आला. एकच. सरळ येऊन चोच मारून गेला.

"झालं," दाजी म्हणाले. "गेलं ते."

आंघोळीला टँकरचं पाणी आणलं होतं. तांब्या हातात असतानाच रुबीनाचा फोन आला. "मावशी, उसकी आवाज चली गई. गाते गाते, बीच में ही."

व्हिडिओ मी नंतर शंभरदा बघितलाय. पेटी ऐकू येते, घुंगरू ऐकू येतात, मागं कुणी खुर्ची सरकवली तीही ऐकू येते. सुहासचा आवाज एका ओळीच्या मधोमध थांबतो. तोंड चालूच आहे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात. लोक आधी हसतात, त्यांना नक्कल वाटली. वेळ लावून बघितली… कावळा शिवला तीच.

गळ्यात कॅमेरा घालून तपासलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, मनाला धक्का बसलाय. पण कसला धक्का? त्याला पैठणचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं ते चौथ्या दिवशी. कानात बोलले तेवढं सोडून सगळं सांगितलं. त्यानं फोनवर टाईप करून दाखवलं : आई खरंच येणार?

आली. दोन महिन्यांनी, सकाळच्या एसटीनं, एकटी. चहाला नाही म्हणाली. माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "म्हण."

सुहासनं घाईघाईनं साडी नेसली, कुंकू लावलं, पायात घुंगरू बांधले आणि पूर्ण गाणं म्हटलं. सगळ्या अदा, सगळ्या हरकती हातानं दाखवल्या. मला घुंगरांशिवाय काही, काही ऐकू आलं नाही. अक्का पापणी न हलवता बघत होती. संपल्यावर उठली, पदर नीट केला. "ऐकलं," म्हणाली आणि चपला घातल्या.

मी रिक्षापर्यंत मागं पळाले. "अक्के, खरंच ऐकू आलं का गं?"

"आमचा सुहास मेला," ती म्हणाली. "मेलेल्याचं कुठं ऐकू येतं का? शब्द दिला होता, पाळला. आता मला फोन करू नको."

घरात आले तर सुहास रडत हसत होता. फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं : आईला ऐकू गेलं. म्हणजे आवाज आहे. तुम्हालाच येत नाही.

मी मान हलवली… हो म्हणाले.

डॉक्टर धक्का म्हणतात, रुबीना नजर म्हणते. मला विचाराल तर अजून काहीच सांगता येत नाही. कावळा आला तो आला आणि आवाज गेला तो गेला, दोन्ही एकाच मिनिटाला, मध्ये पन्नास किलोमीटर. एवढंच मला माहीत आहे. सुहास मात्र पुन्हा स्टेजवर जातो. घसा शेकून, गरम पाणी पिऊन, मन लावून गातो. कुणाला तरी ऐकू जात असणार अशी त्याची खात्री आहे. लोकांना तो मूकाभिनय वाटतो, पोट धरून हसतात. ब्लाउज मीच शिवते. पुढच्या खुर्चीवर मीच बसते, आणि त्यानं बघितलं की ऐकू आल्यासारखी मान डोलावते.