‘आज नाही’ म्हणणारे इक्बालभाई

इक्बालभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शबानाने केला. “मॅडम, अब्बा गेले. छातीत दुखत होतं, पण गॅस झालाय म्हणत अंगावर काढलं... डॉक्टरकडे उद्या जाऊ म्हणाले.” फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला संतापच आला. ज्या माणसाने नुसत्या शंकेवरून विमान जमिनीवर ठेवलं, त्याने स्वतःच्या छातीला उद्याचा वायदा द्यावा? महिना उलटून गेला, तरी तो संताप ओसरलेला नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकजवळच्या एका लहानशा फ्लाइंग क्लबात मी विमान उडवायला शिकवायची आणि इक्बालभाई तिथल्या एकुलत्या एक, दोन आसनी विमानाची देखभाल करायचे. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी आणि हट्ट तर विचारूच नका. विद्यार्थी सिन्नरहून, कळवणहून पहाटेची एसटी पकडून यायचे. आणि इक्बालभाई टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून, त्यात पाणी आहे का ते उजेडाकडे धरून बघत बसायचे. पाणी नसलं तरी पुन्हा काढायचे. मी वैतागून म्हणायची, “अहो, ऊन चढतंय, वारा सुटेल.” “सुटू द्या. उद्या परत सकाळ होणारच आहे.”

आमचं खरं वाजलं ते एका लग्नावरून. सिन्नरकडच्या एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं आणि मांडवावर विमानातून पाकळ्या टाकायच्या होत्या. त्या बदल्यात क्लबच्या जागेचा करार वाढवून द्यायचा शब्द त्याने दिला होता. जागा गेली तर क्लब बंद, माझी नोकरी बंद आणि इक्बालभाईंचीसुद्धा. मी इंजिन सुरू केलं. ते बाजूला उभे राहून कान देत होते. त्यांनी हातानेच बंद करायची खूण केली.

“आवाज फुटतोय.”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी झाकण उघडलं, प्लग काढून साफ केले, पुन्हा लावले. इंजिन एकदा नीट चाललं, एकदा जरा अडखळलं, मग पुन्हा नीट. “सिन्नर हाकेवर आहे, इक्बालभाई. लगेच परत येते.”

“बंद पडायला तेवढा वेळ पुरतो. आज नाही. मी सही करणार नाही.” त्यांच्या सहीशिवाय विमान उडवता येत नसे.

पुढाऱ्याचा माणूस जीप घेऊन धावत आला. “मॅडम, नवरदेव घोड्यावर बसला, अन् तुमचं इमान अजून हितंच हाय?” इक्बालभाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुहूर्त टळला. पाकळ्यांची पोती शेडमध्ये तशीच सुकली.

दुसऱ्या दिवशी इंजिन खणखणीत चाललं. दोष काय तो शेवटपर्यंत सापडला नाही. मी भांडायलाच गेले. “तुम्हाला खात्री तरी होती का?”

“नव्हती ना! खात्री असती तर दुरुस्त केलं असतं. नव्हती म्हणून तर थांबवलं.”

करार वाढला नाही, क्लब बंद पडला. मी पुण्याला नोकरी धरली, त्यांनी जुन्या नाशकात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. नाशिकला आले की मी त्यांच्याकडे जायचीच, आणि तो वाद आम्ही दर वेळी नव्याने घालायचो. ते बरोबर होते की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. मी जिवंत आहे, एवढंच सांगता येतं... आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही, हा आणखी एक वैताग.

गेल्या आठवड्यात इक्बालभाईंच्या घरी भाभींना भेटायला गेले. बैठकीत दाराशी टेबलफॅन होता, बंदच. मी त्याच्यासमोरून आत जायला निघाले, तर भाभींनी माझं कोपर धरून मला बाजूला ओढलं. विमानाचा पंखा बंद असला तरी त्याच्या पुढून कुणी जायचं नाही, हा इक्बालभाईंचा शेडमधला कायदा. घरातही त्यांनी तो चालवला होता, हे मला माहीत नव्हतं.

“समोरून नको,” भाभी म्हणाल्या, “ते ओरडतील.”

आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्या थांबल्या. मी त्या बंद पंख्याला मागून वळसा घातला आणि आत जाऊन बसले.