काकांचा पाय मासेमारीला गेला

आमच्या काकांचा उजवा पाय एकदा दिवसभर समुद्रात मासेमारी करून आला. काका तेव्हा नवापूरला घरीच होते.

पाय अर्थातच लाकडी. खरा पाय त्यांनी सैन्यात असताना लढाईत गमावला होता आणि त्याचं सरकारी पेन्शन त्यांना मिळत होतं. अशात जवळच तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, मजुरांची झुंबड उडाली आणि तिथली चहाची एक टपरी सरकार अपंग माणसाला देणार असं कळलं. मी नाचायचाच बाकी होतो! मॅट्रिक होऊन मी घरी माश्या मारत बसलो होतो. काकांनी अर्ज केला. टपरी मिळाली की तिथे मदतनीस मीच, असं मी स्वतःपुरतं ठरवूनही टाकलं.

पण एक भीती होती. पेन्शन घेणाऱ्याला टपरी नाकारली तर? त्यात काका लाकडी पायावर असे खटाखट चालत की बघणाऱ्याला अपंग मीच वाटावं. अर्ज तपासायला येणाऱ्या सरकारी साहेबांना त्यांची दया यायला हवी. म्हणून साहेब तपासणीला येणार त्या सकाळी, काका अंघोळीला बसल्यावर, मी पाय गोणपाटात गुंडाळला. घरात ठेवला तर काका हुडकून काढणार. म्हणून किनाऱ्यावर शेजारच्या गोविंदाची होडी होती, तिच्यात जाळ्याखाली नेऊन लपवला. (या युक्तीवर मी वाटेत स्वतःची पाठ थोपटली.)

"माजा पाय कुटं हाय?" काका अंघोळ करून ओरडले.

"काका, आज पायाशिवाय बसा. साहेबांना दया येईल."

"दया? मी काय भीक मागतोय? आन माजा पाय!"

तेवढ्यात दारात जीप थांबली. काका निमूट खाटेवर बसले, पण शत्रूकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले.

साहेब आत येताच मी सुरू झालो. "साहेब, काकांना जागचं हलता येत नाही. पाणीसुद्धा मीच पाजतो." काकांच्या घशातून गुरगुर ऐकू आली, तिकडे मी दुर्लक्ष केलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "अरेरे. मग टपरी कशी देणार?"

"म्हणजे? पेन्शन आहे म्हणून?"

"छे, पेन्शन गेलेल्या पायाचं, ते चालूच राहील. टपरी वेगळ्या खात्याची. दोन्ही एकदम घेता येतात. पण टपरीवर उभं राहून चहा करता आला पाहिजे, आणि हे तर हलतच नाहीत. उमरोळीला दुसरा अर्जदार आहे, संध्याकाळी जाऊन त्याला देऊन टाकतो."

"हलतात साहेब! पळतात! थांबा, मी फक्त पाय आणतो!"

मी किनाऱ्यावर धावलो. होडीच्या जागी ओली वाळू होती. गोविंदा ओहोटीबरोबर निघून गेला होता आणि त्याच्याबरोबर काकांचा पाय, टपरी आणि माझी नोकरी!

साहेबांना थोपवायला घरी काकीने किल्ला लढवला. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. साहेबांनी इतकं चापलं की ते ओटीवरच घोरू लागले. उन्हं कलली तसे ते जागे झाले आणि जीपकडे निघाले. तेवढ्यात किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. होडी आली होती.

मी पोचलो तेव्हा गोविंदा पाय छातीशी धरून उभा होता. होडी पापलेटांनी भरली होती.

"जाल्याखाली पाय बगून आमी आदी घाबरलो," तो म्हणाला. "पन असं म्हावरं वरसभरात गावलं नाय. हा पाय आता माज्या होडीचा. मी नाय देनार."

"अरे, तो काकांचा आहे!"

"मंग होडीत कशाला ठेवलास?"

मी पाय ओढू लागलो. इतक्यात मागून डरकाळी ऐकू आली. काका काठी टेकत, एका पायावर उड्या मारत, भर वाळूतून येत होते! मागे साहेब धापा टाकत. काकांनी गोविंदाच्या हातातून पाय ओढून घेतला, पट्टे आवळले, ताठ उभे राहिले आणि साहेबांना कडक सलाम ठोकला. मला तर रडूच आलं.

"हे हलत नाहीत?" साहेबांनी मला विचारलं. मग काकांना म्हणाले, "टपरी तुमची. पेन्शनही चालू राहील. मदतनीस म्हणून कोणाचं नाव घालू? या पुतण्याचं?"

मी केस नीट करून पुढे झालो.

"याचं?" काका म्हणाले. "याला ठेवला तं उद्या टपरीच होडीत घालून धाडील. माज्या बायकोचं नाव घाला."

काकांना एका गेलेल्या पायावर सरकारकडून दोन गोष्टी मिळाल्या. मला दोन धड पायांवर एकच काम मिळालं, टपरीवर पाणी भरायचं. तेही बिनपगारी, आणि काकीच्या देखरेखीखाली!