सासूबाईंचं लेकरू

जगात कुणी कुणाची इतकी काळजी घेऊ नये, जितकी आमच्या सासूबाईंची त्यांचा ड्रॅगन घेतो. माझ्या लग्नाच्या आधी शेतात विहीर खोदताना घागरीएवढं अंडं निघालं. सासऱ्यांनी ते बांधावर टाकलं. सासूबाईंनी उचलून सरकीच्या उबदार ढिगात पुरलं आणि दिवसातून चारदा हात लावून पाहिलं. त्यातून जे निघालं ते आज शेपटीसकट उसाच्या ट्रॉलीएवढं लांब आहे, आणि सासूबाई त्याला अजून ‘लेकरू’ म्हणतात.

नवी नवरी म्हणून तेलगावजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा दारातच मी सासूबाईंच्या पायाशी वाकले. मी त्यांना पाडते आहे असं समजून यानं मध्ये शेपूट घातली. या घरातला माझा पहिला नमस्कार शेपटीला झाला. पुढची वीस वर्षं तसंच चाललं. सासूबाईंचा चहा आधी हा हुंगणार, मगच कप त्यांच्या हाती. आमच्यात जरा आवाज चढला की खिडकीतून याचं डोकं स्वयंपाकघरात येणार आणि माघार मी घेणार. त्या खोकल्या की हा काळजीनं उसासा टाकणार आणि माझे वाळत घातलेले कपडे काळे होणार. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्यानं फोटोसाठी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, तर यानं त्याला उचलून गच्चीवर ठेवलं. शिडी मलाच लावावी लागली. तक्रार केली तर सासूबाई म्हणायच्या, “त्येला काय कळतंय? लेकरू हाय.”

मागच्या वेचणीत भर दुपारी सासूबाईंना कापसात साप चावला. नवरा ऊस घेऊन कारखान्याला गेलेला. ओरडा ऐकून मी धावले, तर या महाशयांनी त्यांच्याभोवती वेटोळं घातलेलं, आणि जवळ येईल त्याच्यावर फुत्कार चाललेले. साप अडवता आला नाही, म्हणून आता दवाखाना अडवत होता. वस्तीवर फळं विकायला येणाऱ्या चाचांनी टेम्पो बांधाला आणून लावला. म्हणाले, “भाभी, येळ लावू नका.”

मी सरळ त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिले. श्वासानं माझ्या भुवया जळाल्या, पण हलले नाही.

“सरक,” मी म्हणाले. “मी तिला न्यायला आले. तुझी माय हाय, तशी माझीबी हाय.”

हे मी कधी कुणाला म्हणाले नव्हते, सासूबाईंनाही नाही. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत हुंगलं आणि वेटोळं सोडलं.

तीन दिवस तो दवाखान्याच्या फाटकात बसून होता, अन्नाला शिवला नाही. लोक मागच्या दारानं ये-जा करत राहिले. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “त्येनं तुला वाट दिली. आता मी मरायला मोकळी.”

तेव्हापासून तो माझीही काळजी घेतो, म्हणजे माझं बाजारात एकटीनं जाणं बंद झालं. मी वैतागते, बोलते, तो ऐकत नाही. म्हणतात, ड्रॅगन तीनशे वर्षं जगतो. सासूबाई पंचाहत्तरीच्या, मी पन्नाशीकडे झुकलेली. म्हणून हल्ली सकाळी त्याच्या भाकऱ्या मी मुलीच्या हातानं पाठवते. तिला वाटतं, आईला आता त्याचा कंटाळा आलाय.