दुसरा तवा

कुंभार पिंपळगावात तुळजाबाईचा ज्याच्यावर विश्वास बसेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. तीर्थपुरीच्या बाजारात ती वांगी घ्यायला बसली, की आधी तराजूच्या पारड्याखालून हात फिरवून बघते, खाली काही चिकटवलंय का म्हणून. वायरमन मीटर बघायला आला की तो जाईपर्यंत ही त्याच्या मागं उभी. कुणाच्या घरून लग्नाची पत्रिका आली तर पत्रिका देणाऱ्याला पाणी द्यायच्या आधी विचारते, "आमालाच कामून बलावलं?" तिचा नवरा कारभारी म्हणतो, "हिला साक्षात देव भेटला तरी ही त्याला आधार कार्ड मागंल." म्हणू द्या. तुळजाबाईला त्याचं काही वाटत नाही. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पिणारच, आणि तिचं तोंड चांगलंच पोळलेलं होतं. ते कसं, ते पुढं येईल.

सोमवारी सकाळी ती सुनेच्या खोलीत झाडायला गेली. सून राजनंदिनी आपली खोली आपणच झाडते, पण तुळजाबाईला दुसऱ्यानं झाडलेलं पटत नाही. पलंगाखाली झाडू घातला आणि तो कशाला तरी ठण्णकन लागला. वाकून बघितलं तर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. ओढायला गेली तर हलेना. पाट्यासारखं जड! दोन्ही हातांनी ओढून काढलं, गोणपाट सोडलं, आणि तुळजाबाई तिथंच फरशीवर बसली.

आत पोलादाची पाटी होती. बोटभर जाड, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि तेल पाजून पाजून काळी केलेली. नव्या तव्याला बाया तेल पाजतात, अगदी तशी. म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. वापरायला तयार केलेला तवा होता हा. मुलगा भारत जालन्याला एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात कामाला आहे, दर शनिवारी घरी येतो. त्यानंच कापून आणलेला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पोटच्या पोरानं बायकोला गुपचूप तवा आणून दिला!

आता परगावचा माणूस म्हणेल, तवा तर तवा, त्यात एवढं काय? पण तुळजाबाईच्या हिशेबात घरात तवा एकच असतो. त्या तव्यावरच्या भाकरीवर सगळे जेवतात म्हणून ते एक घर. कुणी दुसरा तवा आणला, म्हणजे दुसरी चूल आली, म्हणजे पोरगा वेगळा निघाला. तिची आई म्हणायची, दोन तलवारी एका म्यानात एक वेळ राहतील, दोन तवे एका घरात नांदत नाहीत.

आणि हे तिनं एकदा भोगलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती थोरली, आणि मागून आली धाकटी जाऊ चांगुणाबाई. सगळ्यांचं एकत्र. एके वर्षी पाडव्याच्या तोंडावर तुळजाबाई ज्वारी काढायला पत्र्याच्या कोठीत वाकली, तर तळाला हाताला गार काहीतरी लागलं. नवा कोरा तवा. चांगुणाबाईनं लपवलेला. पाडवा झाला आणि धाकटा दीर सोमेश्वर बायकोला घेऊन वेगळा निघाला. अंगणात भिंत आली. भावाभावांत आजही वाकडं नाही, विहीर एक आहे, मोटर एक आहे, बांधावर बसून दोघं एकाच पुडीतली तंबाखू खातात. पण दोघी जावा त्या दिवसापासून एकमेकींशी बोललेल्या नाहीत. तवा सापडला त्या दिवशी कोण काय बोललं, हे तुळजाबाई कधी सांगत नाही. "कोठीत तवा निघाला," एवढंच सांगते, आणि ऐकणारा च् च् करतो.

तेव्हा पलंगाखालचा तवा बघून तिच्या मनात पाल चुकचुकली नाही, पालींची अख्खी जत्राच भरली.

तिनं पाटी होती तशी ठेवली आणि डोळे उघडे ठेवले. मंगळवारी फ्रिज उघडला. मेथीच्या जुडीमागं एक डबा. झाकण काढलं तर आत मैद्याचा गोळा, फुगून डब्याला टेकलेला, आंबूस वासाचा. ह्या घरात मैदा दिवाळीला येतो! बाजूला पिवळट रबरासारख्या कशाची तरी पिशवी. म्हणजे स्वयंपाक ठरला, शिधा वेगळा भरला. वर दर बुधवारी दुपारी राजनंदिनी "बचत गटाची मीटिंग हाय" म्हणून बाहेर पडते. गटाची अध्यक्ष नंदाबाई गिरणीवर भेटली तेव्हा तुळजाबाईनं सहज विचारावं तसं विचारलं. नंदाबाई म्हणाली, "दर बुधवारी? न्हाई बा, आमची मीटिंग महिन्यातून एकदाच ऱ्हाती."

झालं! तुळजाबाईनं कारभारीला गाठलं. तो ओसरीवर पेपर वाचत होता.

"आवं, पोरगं वेगळं निघून राह्यलंय."

"कोण म्हणतं?"

"तवा आणलाय."

"मंग आणला असंल. आपल्याला दोन दोन भाकरी जल्दी मिळतील."

"तुमच्या डोक्यात काय भुस्सा हाय का? भावाच्या वक्ताला बी असंच म्हणले होते तुमी!"

कारभारीनं पेपर तोंडासमोर धरला. तुळजाबाई आत आली आणि तिला एकदम रडूच आलं. एकुलता एक पोरगा. सकाळी ती चुलीपाशी बसली की राजनंदिनी शेजारी पीठ मळायला बसते, तोंडानं दोघींचं काही ना काही वाजत असतं, घर भरल्यासारखं वाटतं. ते सगळं जाणार, भिंतीच्या ह्या बाजूला दोन म्हातारी माणसं आणि एक तवा उरणार. तिला भीती वाटली, खरीखुरी. आणि भीती वाटली की तुळजाबाई गप्प बसत नाही.

बुधवारी सकाळी सून आंघोळीला गेली तशी तिनं ती पाटी उचलली, कमरेला रग लागली तरी सोडली नाही, आणि ज्वारीच्या कोठीत तळाला सारली. वर ज्वारी लोटली, झाकण लावलं. ना तवा, ना वेगळी चूल!

दुपारी राजनंदिनीनं पलंगाखाली बघितलं, कपाटामागं बघितलं, माळ्यावर बघितलं. मग सासूपुढं येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"आत्या, माझ्या खोलीत एक लोखंडाची प्लेट होती. तुमी पाह्यली का?"

"कसली प्लेट? मला काय माहीत बाई तुमच्या प्लेटा." तुळजाबाई तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

राजनंदिनी काहीतरी बोलणार होती, पण "बरं" म्हणाली. फ्रिजमधला डबा आणि ती पिशवी पदराखाली घेतली आणि बाहेर पडली. ह्यावेळी मीटिंगचं नावसुद्धा घेतलं नाही.

तुळजाबाईनं तांदळाचं ताट खाली ठेवलं. डोक्यावरून पदर ओढला आणि निघाली मागोमाग. सून गिरणीवरून वळली, मारुतीच्या पारामागून गेली, आणि गावाला वळसा घालून परत आपल्याच भिंतीच्या पलीकडच्या फाटकात शिरली. चांगुणाबाईच्या!

अगं बाई! म्हणजे गुरू तिथं भेटली होती तर. तवा लपवायची विद्या कुणाकडून आली ते कळलं. तुळजाबाईच्या कानशिलात आग पेटली. ती आडोशाला, खिडकीखाली उभी राहिली. आज सगळं कानांनी ऐकायचं आणि मग दारात उभं राहून दोघींची हजेरी घ्यायची.

आतून राजनंदिनीच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.

"आत्यानंच ठिवली कुठंतरी. मी हिकडं येते ते त्यांला कळलं वाटतं. आता त्या मला वेगळं काढत्यात बघ."

दुसरा आवाज आकांक्षाचा, चांगुणाबाईच्या सुनेचा. "काढू दे की! बरंच झालं. मनासारखं रांधायचं, मनासारखं खायचं."

"गप गं. मला न्हाई राहायचं वेगळं. सकाळी आत्याची कटकट कानावर पडली न्हाई तर मला चहा गोड लागत न्हाई. पीठ मळताना मी काय भिंतीशी बोलू का?"

तुळजाबाईचा हात खिडकीच्या गजावर होता, तो तिनं काढून घेतला. हजेरी घ्यायला आलेली बाई आल्या पावली मागं वळली. रस्त्यात कुणीतरी "कुठं गेल्ती तुळजाबाई?" म्हणून हाक मारली, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि त्या पोरीच्या रडण्यानं जीव कालवून गेला होता.

घरी येऊन कोठीत खांद्यापर्यंत हात घातला, पाटी बाहेर काढली, गोणपाटात गुंडाळून कमरेवर घेतली. कारभारीनं पेपराआडून पाहिलं. "आता कुठं?"

"वेगळी निघाले मी," ती म्हणाली आणि गेली.

भिंत झाल्यापासून त्या फाटकात तिनं पाय टाकला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिली तशा दोन्ही सुना चोरी पकडल्यासारख्या उठल्या. चांगुणाबाई कोपऱ्यात कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली.

"पलंगाखाली मागं सरकली व्हती," तुळजाबाई म्हणाली आणि पाटी ओट्यावर ठेवली. "घ्या. काय करायचं ते करा."

मग आकांक्षाच सुरू झाली, पोरगी मूळचीच बोलकी. तिच्या माहेरहून लग्नात विजेची भट्टी आली होती, ओटीजी म्हणतात ती. त्यात दोघी मिळून पिझ्झा करून बघत होत्या. पण पत्र्याच्या ताटलीवर केलं की वरून करपायचं आणि खालून गिचगिच. मोबाईलवर दिसलं की जाड पोलादाची पाटी तापवून तिच्यावर टाकलं की बूड भाकरीच्या पापुद्र्यासारखं कुरकुरीत होतं. भट्टी ह्या घरात, पाटी आणणारा भारत त्या घरात. आज पाटीचा पहिलाच दिवस होता. "दोन घरं मिळाल्याबिगर हे व्हतच न्हाई मोठ्या आत्या," आकांक्षा म्हणाली. "तुमाला सांगायचं भ्याव वाटलं, म्हणून चोरून."

चांगुणाबाईनं ह्या वेळात पाटी फडक्यानं पुसली होती. पुसता पुसता तिचा हात मध्येच थांबला, तिनं नखानं काहीतरी उचललं आणि मूठ मिटली. मग पाटी भट्टीत सारली. आकांक्षानं बटण फिरवलं.

"वर काही न ठिवता?" तुळजाबाईच्यानं राहवलं नाही. "रिकामा तवा तापवू न्हाई बायांनो, घराला बरं नसतं."

"निवांत तापू द्यावा लागतो आत्या," राजनंदिनी डोळे पुसत म्हणाली. "तवा पक्का तापल्याबिगर खालून कडक व्हत न्हाई. तवर बसा."

बसायला दाराची पायरीच होती, आणि तिथं चांगुणाबाई आधीच जाऊन बसली होती. तुळजाबाई दुसऱ्या टोकाला टेकली. समोर भिंत. भिंतीवर कारल्याचा वेल ह्या बाजूनं चढून तिच्या बाजूला उतरला होता. ती कारली खुशाल तोडून खायची आणि वेल लावलाय कुणी, हे कधी विचारायची नाही.

चांगुणाबाईनं मूठ उघडली. तळहातावर तेलानं माखलेला ज्वारीचा दाणा होता.

"आक्का, हे काय पलंगाखाली पिकलं?"

तुळजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

"कोठीत व्हता ना? तळाला?" चांगुणाबाई हळू बोलत होती, आत पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून. "मी बी तिथंच ठिवल्ता."

"तू कामून ठिवल्ता पण?" इतक्या वर्षांत तुळजाबाईनं गावभर सांगितलं होतं, पण हे एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमी मला तव्याला हात कुठं लावू देत होत्या? माझी भाकरी फुगत न्हाई म्हणून पीठ मळायचं काम माझं, भाजायचं तुमचं. म्हणलं, आपला एक तवा आसावा, तुमी शेतात गेल्यावर गुपचूप शिकावं, आन् पाडव्याला सगळ्यांला माझ्या हातची भाकरी वाढावी. वेगळं निघायचं बिलकुल मनात नव्हतं आक्का. तुमी तवा अंगणात फेकला आन् म्हणल्या, जा, घाल तुझी चूल. मंग काय करती मी?"

तुळजाबाईला ते अंगण आठवलं. फरशीवर आपटून गरगर फिरत गेलेला तवा आठवला, आणि तो थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत उभी असलेली, ओठ घट्ट मिटलेली धाकटी जाऊ आठवली. ती नुसती भिंतीकडं बघत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसत राहिली. चांगुणाबाईही उठून गेली नाही.

"तापला!" आतून आकांक्षा ओरडली.

दोघी आत आल्या. राजनंदिनीनं पोळपाटावर रवा भुरभुरून मैद्याची चकती पसरली होती, वर टोमॅटोची चटणी, कांदा, ढोबळी मिरची, तो पिवळा रबरासारखा कीस. आकांक्षानं भट्टीचं दार उघडलं. धग तोंडावर आली. राजनंदिनीनं पोळपाट उचलला, आणि मोठी म्हणून सासूच्या हातात दिला. "आत्या, पयला तुमी सारा तव्यावर."

तुळजाबाईनं पोळपाट हातात घेतला. एकदा तापलेल्या तव्याकडं बघितलं. मग वळली आणि पोळपाट चांगुणाबाईच्या पुढं धरला.

"चांगुणे, पयला तू टाक."

चांगुणाबाईनं हात पुढं केला नाही. तिनं पोळपाटाकडं बघितलं, मग तुळजाबाईच्या तोंडाकडं, वरून खालपर्यंत, नीट निरखून. आता संशय घ्यायची पाळी तिची होती.

"न्हाई फुगला तर?"

"न्हाई फुगू दे," तुळजाबाई म्हणाली. "टाक."