देवीची जुडी

कोलशेतला खाडीच्या बाजूला रंगाचा एक कारखाना कधीचा बंद पडलाय. त्याच्या मागच्या तुकड्यात आम्ही मोहरी पेरली होती. मी नौपाड्यात माती-पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. त्या मातीत दोन तऱ्हेचं विष होतं, तेलकट रसायनं आणि शिसं. रसायनांवर आम्ही एन्झाइमचं पाणी सोडत होतो, ती हळूहळू तुटत होती. शिसं मात्र तुटत नाही. ते मोहरीच्या मुळांनी ओढून पानांत आणायचं आणि मग सगळं पीक कापून, पोत्यांत भरून, घातक कचऱ्याच्या गाडीत चढवायचं, एवढाच उपाय.

कापणीच्या दिवशी सकाळी रिकामी पोती घेऊन पोहोचले, तर फाटकाजवळची एक पट्टी कोणीतरी विळ्यानं साफ कापून नेली होती. वॉचमन म्हणाला, "मॅडम, तो बाबा आलेला ना, कुंपणाजवळ उभा असतो तो. जुडी घेऊन गावदेवीला गेला. बोलला, पहिली कापणी देवीची."

ही जमीन बाबानं कसलेली. कारखान्यासाठी ती गेली तेव्हा तो ऐन तरुण होता, आता पाठीतून वाकलाय. मी वॉचमनच्या कानाखाली वाजवली. तो गाल धरून म्हणाला, "मला काय सांगितलेलं तुम्ही?" काहीच सांगितलं नव्हतं, पण तेव्हा ते मानायची माझी तयारी नव्हती.

देवीपुढे ठेवलेल्या जुडीतला पाला शेजारपाजारी वाटायचा आणि त्याच दिवशी शिजवायचा, अशी तिथली रीत. मी एक पोतं हातात घेऊनच धावत सुटले. बाबाच्या घरी सून गॅसपुढे उभी होती. कढईत सुकट घालून पाला शिजत होता आणि खाली बसून बाबाची नात भाकरीबरोबर तोच खात होती.

एका जेवणानं कोणी मरत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. शिसं सावकाश मारतं, पोरांना जास्त. पण डोक्यात सणक गेली. मी पोरीचं ताट लाथाडलं आणि कढई हातानंच उलटी केली. उकळता रस्सा सुनेच्या पावलावर सांडला. तिनं माझे केस धरले आणि माझं डोकं भिंतीवर आपटलं. "देवीचा परसाद लाथारतं," असं म्हणत ती मारत राहिली. तिचा नवरा आत आला, त्यानं माझा गळा धरला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. शिसं, शिसं, असं मी ओरडत होते, पण ओठ फुटला होता आणि तोंडात रक्त भरलं होतं.

"सोड तिला." बाबा दारात उभा होता.

मुलानं हात काढला. मी कशीबशी म्हटलं, "बाबा, त्या पाल्यात विष आहे."

"तूच बोललीस ना बाय, जमीन बरी होतंय?"

बोलले होते. आठवडाभरापूर्वी कुंपणाशी, मोठ्या तोऱ्यात. विष निघून जातं कुठे, हे सांगायचं मला सुचलंच नव्हतं. कुंपणावर पाटी होती, ती इंग्रजीत. जमीन बरी होतेय असं ऐकल्यावर तिथला माणूस पहिलं काय करेल, हे मला कळायला हवं होतं. मला आजही त्याची शरम वाटते, आणि सुनेच्या पायावरच्या डागाची त्याहून जास्त.

"पाला विष ओढून घेतो," मी म्हटलं. "म्हणून जमीन बरी होते."

बाबानं नातीला मानेला धरून अंगणात नेलं आणि तिच्या घशात दोन बोटं घातली. ती चावत होती, पाय झाडत होती. सगळं पडेपर्यंत त्यानं सोडलं नाही. मग तो पाला दिलेल्या प्रत्येक घरात शिरला आणि कढया माझ्या पोत्यात रिकाम्या केल्या. एका घरातून शिव्या आल्या, दुसऱ्या घरातून दगड. कपाळातून रक्त गळत असताना तो देवळात गेला आणि देवीपुढे उरलेली जुडी उचलून आणली.

दुपारी त्यानं उरलेल्या पिकावर विळा चालवला. ती कापणी नव्हती. दातओठ खात तो रोपावर रोप तोडत होता, मुळं उपटून आपटत होता, आणि मी पोती भरत होते. शेवटचं पोतं बांधल्यावर त्यानं विचारलं, "अजून किती वेला पेराचं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "बरीच वर्षं," मी म्हटलं. "तुमची नात मोठी होईल तोवर."

त्यानं विळा माझ्या हातात दिला.

"मंग तिला शिकव कापाला," तो म्हणाला. "मी नाय पुरनार."