पाचवा स्क्रू

स्क्रूची खाच बिघडते ती बहुधा एकाच चुकीने. आपण फिरवण्यासाठी जोर लावतो, दाबण्यासाठी लावत नाही. वास्तविक जोराचा मोठा भाग खाली द्यावा आणि फिरवण्यापुरता थोडाच राखावा. विज्ञानाचा शिक्षक या नात्याने हे मी वर्गात पुष्कळदा सांगितले. मला ते ज्या स्क्रूने शिकवले, त्याच्याविषयी मात्र कधी बोललो नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षे. घाटकोपरच्या टेकडीवर दोन खोल्यांत आईवडील आणि मी राहत होतो. थोरला भाऊ आखाती देशात नोकरीला होता. आईला लिहिता येत नसे, म्हणून ती पत्राऐवजी कॅसेट पाठवी. भावानेच आणलेल्या टेपरेकॉर्डरसमोर पदर सावरून बसायची आणि बोलायची. तिकडे जाणारे कोणी भेटले की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. अशीच एक कॅसेट अर्धी बोलून झाली असताना फीत आत गुंतली आणि झाकण उघडेना. "रविवारी बघतो," मी म्हणालो. त्या रविवारापूर्वीच आई हृदयविकाराने गेली.

तेराव्यानंतर वडिलांनी टेपरेकॉर्डर माझ्यापुढे ठेवला.

"तिचो आवाज आसा ह्याच्यात. काढ."

"दुकानात देतो, बाबा. तासाभराचं काम आहे."

"दुकानात नको. तिचा बोलणा परक्यांनी कित्याक आयकूचा? तू मास्तर मा? मगे?"

मागच्या बाजूस पाच स्क्रू होते. चार निघाले. पाचवा कॅसेटच्या कप्प्याशेजारी होता, घट्ट बसलेला. हाताशी योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर नव्हता. आहे त्यानेच मी जोर केला आणि फुलीच्या खाचेची गुळगुळीत वाटी झाली.

"आटे गेले तेचे," वडील म्हणाले. गिरणीत त्यांचे आयुष्य यंत्रांशेजारी गेले होते.

"आटे नव्हेत, बाबा. खाच गेली. आटे आत असतात."

"बरा, खाच. पण काढ."

अशा स्क्रूवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून दाबत फिरवले, तर पकड मिळते. मिळाली नाही. करवतीच्या पात्याने माथ्यावर नवी खाच पाडावी, तर तो खोल भोकात बसलेला, पाते पोचेना. उरला एकच उपाय: माथाच छिद्रण यंत्राने कोरून काढणे. शाळेच्या कार्यशाळेतले हातयंत्र मी मागून आणले. लोखंडाचा बारीक कीस पडू लागला आणि थोड्या वेळाने माथा निखळला.

कीस आत राहिला तर फितीवर ओरखडे उठतील, हे मला ठाऊक होते. लोहकीस वेगळा कसा करावा हे तर माझ्या हातचे. प्रयोगशाळेतली चुंबकपट्टी कागदात गुंडाळून, म्हणजे चिकटलेला कीस कागदासह सोडवता येतो, मी ती कॅसेटच्या कप्प्यावरून सावकाश फिरवली. एकदा नव्हे, सहा-सात वेळा. एकही कण राहिला नाही. वडील कौतुकाने बघत होते.

झाकण काढून मी गुंतलेली फीत सोडवली, गुंडाळली आणि कळ दाबली.

"पोरा, वेळेर जेवतंस मा? हय सगळा..." आणि आवाज विरला. क्षणभराने परत आला. "...बाबांचा गुडघा दुखता, पण..." पुन्हा विरला. तिसऱ्या वेळी मला उमगले. फितीवरचा आवाज चुंबकीय असतो. गुंडाळीच्या ज्या बाजूवरून मी पट्टी फिरवली, ती बाजू प्रत्येक फेऱ्याला एकदा येत होती आणि तेवढे शब्द पुसलेले होते. ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. लोहकीस आणि चुंबक हा धडा मी इतक्यांदा शिकवला होता, की हाताने तो आपोआप करून टाकला.

वडील डोळे मिटून ऐकत होते. कॅसेट संपल्यावर म्हणाले, "आयकलंस? केवढो दम लागा होतो तिका. एक वाक्य पुरा होय नाय. आणि मी तिका खालच्या नळार धाडी होतंय, हंडो घेवन."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो. गुंडाळीची आकृती काढली, चुंबक दाखवला, पुसली गेलेली बाजू पेन्सिलीने काळी केली. प्रत्येक फेऱ्याचे अंतर जवळजवळ सारखे का, हेही सांगितले. "तिला दम लागलेला नव्हता, बाबा. ते मी केलं. चूक माझी आहे."

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"माझा मन राखूक सांगतंस ता," ते म्हणाले. "कळता माका."

पुढे मी आणखी दोनदा सांगून पाहिले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.