विहीणबाईंसाठी एक वाक्य

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या घरचा रिवाज. पण लेक नेदरलँड्समध्ये, आणि तिचे दिवस भरत आले तेव्हाच इकडे मीरा रोडला ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन निघालं. मी अडकले. बाळंतपण केलं ते विहीणबाईंनी, तिच्या डच सासूबाईंनी. कळा सुरू झाल्यापासून त्या तिच्या उशाशी होत्या. नंतर व्हिडिओ कॉलवर मला विचारून अळिवाची खीरही केली. पहिल्यांदा करपवली, दुसऱ्यांदा जमली.

आता त्या लेकीला आणि बाळाला घेऊन आमच्याकडे येणार होत्या. नुसतं थँक यू म्हणू? ते मी रिक्षावाल्यालाही म्हणते. मला त्यांच्याच भाषेत सांगायचं होतं की, माझ्या लेकीपाशी जी बाई थांबली, तिला मी जन्मभर विसरणार नाही.

लेक फोनवरून शिकवू लागली. डचमध्ये साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं आणि माझं आपलं सवयीनं शेवटी. "आई, पुन्हा शेवटी टाकलंस!" ती वैतागायची. मीही फोन ठेवून द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे. मग 'जी'चं वाक्य आलं. ते लोक आधी 'ती बाई' म्हणतात आणि मागून 'दी' लावून तिची हकिगत सांगतात. आपलं बहुधा उलटं. पण त्या 'दी'नंतर क्रियापद थेट शेवटी!

"अगं, हे तर आपलंच की!" मी ओरडले. परक्या मुलखात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

भाजी निवडताना तेच वाक्य पुटपुटायचे. जवळच्या मुर्धा गावाहून मासे घेऊन येणाऱ्या कोळणीनं एकदा विचारलंच, "बाय, कोनचा मंतर हाय यो?"

विहीणबाई आल्या. मी त्यांना हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि उभ्या उभ्या वाक्य म्हटलं. अडखळले, पण पुरं केलं.

त्यांचे डोळे भरून आले. मग मला समजावं म्हणून सोप्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत त्या बोलल्या, "ती सारखी 'आई, आई' करत होती. ती तुम्हाला बोलावतेय, हे मला कळत होतं. तरी दर वेळी मीच ओ दिली. चाललं ना?"

वयानं मी मोठी, तरी वाकून त्यांच्या पाया पडले.